लपवलेल्या रचनेचा खर्च

डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स कर्नलची ६.१ ही आवृत्ती आली आणि तिच्यात एक जुने झाड काढून नवे लावले गेले. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामकडे मेमरीचे कोणकोणते पट्टे आहेत, याची नोंद कर्नलला ठेवावी लागते. कित्येक वर्षे ही नोंद रेड-ब्लॅक ट्रीमध्ये ठेवली जात होती, जोडीला एक लिंक्ड लिस्ट आणि एक छोटी कॅश होती. या तिन्हींच्या जागी मेपल ट्री ही बी-ट्रीच्या कुळातली रचना आली. पदवीच्या पुस्तकातून पाहिले तर हा खटाटोप कशासाठी, ते कळत नाही. रेड-ब्लॅक ट्रीमध्ये शोधायला लॉग एन वेळ लागतो आणि बी-ट्रीमध्येही लॉग एनच. तोंडी परीक्षेत दोन्ही उत्तरांना सारखेच गुण मिळतील.

खटाटोपाची कारणे दोन होती. रेड-ब्लॅक ट्रीचा प्रत्येक नोड मेमरीत कुठेतरी वेगळ्या ठिकाणी असतो, त्यामुळे झाडाची एकेक पायरी उतरताना प्रोसेसरला मुख्य मेमरीची वाट पाहत बसावे लागू शकते. मेपल ट्रीच्या २५६ बाइटच्या एका नोडमध्ये अनेक नोंदी शेजारी शेजारी बसतात, म्हणून पायऱ्या कमी होतात आणि प्रत्येक फेरीत हाताला जास्त माहिती लागते. दुसरे कारण कुलपाचे. एकाच प्रोग्रामचे अनेक थ्रेड ही नोंद वाचत असतात. झाड बदलताना सगळ्यांनी एका कुलपापाशी रांग लावायची, ही जुनी व्यवस्था मोठ्या यंत्रांवर जाचक ठरत होती. नव्या रचनेत कुलूप न लावता वाचण्याची सोय होती आणि पुढच्या वर्षी ६.४ आवृत्तीत तिचा उपयोग सुरूही झाला. पहिले कारण अल्गोरिदमच्या खर्चाचे आहे, दुसरे सॉफ्टवेअरच्या आखणीचे, आणि दोन्हींचा निवाडा झाला तो डेटा स्ट्रक्चरमध्ये.

पदव्युत्तर पातळीवर या विषयांचा अभ्यास का करायचा, याचे माझ्या मते सर्वांत चांगले उत्तर या एका बदलात आहे. तरीही हे तीन विषय आपण तीन वेगळ्या खोल्यांत शिकवतो.

आपल्याकडे या अभ्यासाचा दरवाजा म्हणजे गेट ही प्रवेश परीक्षा. संगणकशास्त्राच्या शंभर गुणांच्या पेपरात १५ गुण सामान्य कल चाचणीला, १३ गणिताला आणि ७२ मूळ विषयाला असतात. अभ्यासक्रमात ‘प्रोग्रॅमिंग आणि डेटा स्ट्रक्चर्स’ आणि ‘अल्गोरिदम्स’ असे दोन स्वतंत्र विभाग आहेत. सॉफ्टवेअर डिझाइनला मात्र आज त्यात जागाच नाही. प्रश्न पर्याय निवडण्याचे किंवा आकडा भरण्याचे असल्यामुळे सिद्धता लिहिता येते का आणि लिहिलेला कोड दुसऱ्याला वाचता येतो का, या दोन्ही गोष्टी तपासल्याच जात नाहीत. लाखभर उमेदवारांची परीक्षा याहून वेगळी कशी घेणार, हे मला समजते. पण त्याचा परिणाम वर्गात दिसतो. एम.टेक.च्या पहिल्या सत्रातला मुलगा मास्टर थिअरम क्षणात लावतो. ‘हा अल्गोरिदम बरोबर आहे कशावरून?’ असे विचारले की तो उदाहरण चालवून दाखवतो.

विश्लेषणाची परंपरा आता अर्धशतकाहून जुनी आहे. डोनाल्ड नथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’चा पहिला खंड १९६८ मध्ये आला आणि तो प्रकल्प अजून संपलेला नाही, ४बी हा खंड २०२२ मध्ये निघाला. एहो, हॉपक्रॉफ्ट आणि उलमन यांचे १९७४ चे पुस्तक पदव्युत्तर वर्गाचा साचा ठरले. भारतीय विद्यार्थ्यांच्या दोन-तीन पिढ्या एलिस होरोविट्झ आणि सरताज साहनी यांच्या पुस्तकांवर वाढल्या. त्यातले साहनी मूळचे पुण्यात जन्मलेले आणि आयआयटी कानपूरचे पदवीधर. १९९० मध्ये कॉर्मेन, लायसरसन आणि रिव्हेस्ट यांचा जाडजूड ग्रंथ आला, पुढच्या आवृत्तीत स्टाइन त्यांना येऊन मिळाले, आणि २००१ नंतर ‘सीएलआरएस’ हा शब्द हॉस्टेलच्या बोलीत रुजला. या सगळ्या पुस्तकांनी एक मोठी शिस्त दिली. यंत्र कोणते, भाषा कोणती हे बाजूला ठेवा, इनपुट वाढत गेले की काम कसे वाढते ते पाहा, आणि सर्वांत वाईट प्रसंगाची हमी द्या.

या शिस्तीची ताकद आणि मर्यादा दोन्ही एकत्र पाहायच्या तर लिनियर प्रोग्रॅमिंगच्या इतिहासासारखे उदाहरण नाही. मी हा इतिहास दर वर्षी दोन तासिका खर्च करून सांगते. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत दिली. अनेक पृष्ठांच्या एखाद्या स्फटिकाच्या कडांवरून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे जात सर्वोत्तम कोपरा गाठायचा, अशी ती पद्धत. कारखाने, विमानकंपन्या, तेलशुद्धीकरण, सगळीकडे ती सुरेख चालली. १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी मुद्दाम वाकडा केलेला घन रचून दाखवला, त्यावर सिम्प्लेक्स एकूण एक कोपरे हिंडते आणि कोपऱ्यांची संख्या तर मितींबरोबर दुपटीने वाढत जाते. १९७९ मध्ये सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद खाचियान यांनी एलिप्सॉइड पद्धतीने बहुपदी वेळेची हमी दिली. कागदावर प्रश्न सुटला, पण प्रत्यक्षात ती पद्धत सिम्प्लेक्सपेक्षा कितीतरी मंद निघाली.

इथे नरेंद्र करमरकर येतात. ग्वाल्हेरच्या मराठी घरातले, आयआयटी मुंबईचे १९७८ चे पदवीधर, बर्कलीत रिचर्ड कार्प यांच्याकडे पीएच.डी. केलेले. १९८४ मध्ये बेल लॅब्समध्ये असताना त्यांनी कडांवरून न जाता स्फटिकाच्या पोटातून वाट काढणारी पद्धत मांडली. तिला हमीही होती आणि वेगही. त्यातून इंटिरिअर पॉइंट पद्धतींची अख्खी शाखा उभी राहिली. तरी सिम्प्लेक्स मेली नाही, आजच्या सॉल्व्हरमध्ये दोन्ही पद्धती शेजारी नांदतात. वाईट हमी असूनही सिम्प्लेक्स एवढी चांगली का चालते, याचे समाधानकारक उत्तर २००१ मध्ये स्पीलमन आणि टेंग यांनी दिले. क्ली आणि मिंटींचा वाकडा घन जराही हलवला तरी त्याचा वाकडेपणा टिकत नाही, आणि खऱ्या जगातल्या आकड्यांत थोडी थरथर असतेच. आणि २०२२ मध्ये मॅक्सिमम फ्लो या जुन्या प्रश्नासाठी सहा संशोधकांनी जवळजवळ रेषीय वेळेचा अल्गोरिदम दिला, तेव्हा त्याच्या गाभ्यात होती इंटिरिअर पॉइंट पद्धत आणि तिला दर पावलाला झटपट उत्तर देणारी, बदलत राहणाऱ्या ग्राफवरची डेटा स्ट्रक्चर. पंचाहत्तर वर्षांच्या या कहाणीत ‘वेगवान’ या शब्दाचा अर्थ निदान चार वेळा बदलला. हा बदल ज्याला दिसतो, तो पदवीची पायरी ओलांडून वर आला असे मी समजते.

मेमरीच्या बाबतीतही हेच घडले. प्रत्येक वाचनाला सारखाच वेळ लागतो, हे पहिल्या पुस्तकातले गृहीतक. ते खोटे आहे हे डिस्क वापरणाऱ्यांना कधीच माहीत होते. बायर आणि मॅकक्राइट यांनी १९७० च्या सुमारास बोईंगमध्ये बी-ट्री काढली ती त्यासाठीच. अगरवाल आणि व्हिटर यांनी १९८८ मध्ये याला नेटके गणिती रूप दिले: शब्द मोजू नका, किती गठ्ठे हलवले ते मोजा. १९९९ मध्ये फ्रिगो, लायसरसन, प्रोकोप आणि रामचंद्रन यांनी कॅशचा आकार माहीत नसतानाही ती चांगली वापरणारे अल्गोरिदम शक्य आहेत हे दाखवले. विद्यार्थ्याला हे पटवण्यासाठी मात्र पेपर लागत नाही. अ‍ॅरे आणि लिंक्ड लिस्ट यांत कोटीभर आकडे भरा, दोन्हींची बेरीज करा, घड्याळ लावा. लिस्टचे नोड मेमरीत विखुरलेले असतील तर एकाच ‘ओ ऑफ एन’मध्ये केवढी दरी मावते, ते स्वतःच्या लॅपटॉपवर दिसते. फिबोनाची हीप हा याच जातीचा धडा. फ्रेडमन आणि टारजन यांची ही रचना सिद्धान्तात डायक्स्ट्राच्या अल्गोरिदमला शोभून दिसते, प्रत्यक्ष कामात साधी बायनरी हीप बहुतेकदा तिला मागे टाकते.

हॅशिंगमध्ये समोर शत्रू उभा असतो, म्हणून ते मला वेगळे वाटते. हॅश टेबल ‘सरासरी’ स्थिर वेळात उत्तर देते, असे आपण पाठ केलेले असते. सरासरी कशाची, हे विचारत नाही. क्रॉस्बी आणि वॉलक यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की एकाच खणात जाऊन पडणाऱ्या चाव्या मुद्दाम पाठवल्या तर सर्व्हर गुडघ्यावर येतो. २०११ च्या अखेरीस बर्लिनच्या एका परिषदेत हाच हल्ला अनेक प्रचलित वेब-भाषांवर चालतो हे उघड झाले, आणि त्यानंतर अनेक भाषाकर्त्यांनी हॅशमध्ये गुप्त यादृच्छिक बीज घालायला सुरुवात केली. इतका घासून गुळगुळीत झालेला हा विषय, तरी २०२५ च्या आरंभी अँड्र्यू क्रापिविन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ओपन अ‍ॅड्रेसिंगबद्दलचा अँड्र्यू याओ यांचा १९८५ पासूनचा तर्क चुकीचा ठरवला. क्रापिविन यांनी हे काम सुरू केले ते पदवीचे विद्यार्थी असताना, आणि याओंचा तर्क त्यांना तेव्हा ठाऊकही नव्हता.

आता दुसऱ्या खोलीत जाऊ. सॉफ्टवेअर डिझाइनचा विषय आपल्याकडे बराचसा यूएमएलच्या आकृत्या आणि गामा व त्यांच्या तीन साथीदारांच्या १९९४ च्या पुस्तकातले २३ पॅटर्न यांवर चालतो. पॅटर्नची नावे कळणे उपयोगाचे आहे, संघात बोलायला भाषा मिळते. पण पॅटर्न ही उत्तरे आहेत, आणि प्रश्न शिकवल्याशिवाय उत्तरे शिकवली की विद्यार्थी तीन ओळींच्या कामाला फॅक्टरी लावतो. प्रश्न समजायचा तर डेव्हिड पारनास यांचा डिसेंबर १९७२ चा लेख वाचायला हवा. अवघी सहा पाने, गणित नाही, आणि उदाहरण अगदी लहान.

उदाहरण असे. ओळींचा एक संच घ्यायचा. प्रत्येक ओळीतला पहिला शब्द उचलून शेवटी टाकायचा, असे फिरवत त्या ओळीची सगळी रूपे करायची आणि ती वर्णानुक्रमे लावायची. म्हणजे कोणत्याही शब्दावरून ओळ सापडेल अशी सूची तयार होते. पारनास यांनी या कामाची दोन प्रकारे विभागणी केली. पहिली ज्या क्रमाने काम होते त्या क्रमाने: वाचा, फिरवा, लावा, छापा. दुसरी वेगळीच. पुढे कोणते निर्णय बदलू शकतील त्यांची यादी करा आणि प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवा. ओळी मेमरीत कशा साठवल्या आहेत, हा निर्णय पहिल्या विभागणीत सर्वांना माहीत असतो, म्हणून तो बदलला की सगळे मोडते. दुसऱ्या विभागणीत तो एकाच ठिकाणी राहतो. लपवलेली ही गोष्ट म्हणजे डेटा स्ट्रक्चरच आहे, हे लक्षात घ्या. बार्बरा लिस्कोव्ह आणि स्टीफन झिलीस यांनी १९७४ मध्ये अ‍ॅबस्ट्रॅक्ट डेटा टाइप मांडला, लिस्कोव्ह यांनी सीएलयू या भाषेत ती कल्पना उभी केली, आणि आपण पहिल्या सत्रात स्टॅक शिकवताना ती उसनी घेतो. त्या वेळी मात्र ती डिझाइनची कल्पना आहे हे सांगायचे राहून जाते.

पण लपवण्यालाही किंमत आहे, आणि माझ्या वाचनात दोन्ही खोल्यांमधली भिंत सर्वांत स्पष्टपणे इथे पडते. जावामध्ये ‘लिस्ट’ हा एक करार आहे. त्याच्या पोटात अ‍ॅरे असू शकतो, लिंक्ड लिस्टही असू शकते. वापरणाऱ्याने ते पाहू नये, हे पारनास यांच्या शिकवणीला धरूनच. आता कोणी भोळेपणाने लूप लावून आय-वा घटक मागत गेला, तर अ‍ॅरेवर काम रेषीय होते आणि लिंक्ड लिस्टवर वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोड तोच, उत्तर तेच, आणि लाख घटकांना प्रोग्राम ढिम्म हलत नाही. जावाच्या कर्त्यांनी २००२ च्या १.४ आवृत्तीत ‘रँडमअ‍ॅक्सेस’ नावाचा एक इंटरफेस घातला, त्यात एकही फंक्शन नाही. ‘माझ्यात कुठेही उडी मारणे स्वस्त आहे’ एवढेच तो सांगतो. रचना लपवली होती, तिचा खर्च फटीतून बाहेर आला आणि त्याला नाव द्यावे लागले.

अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांनी हे आधीच ओळखले होते. मेंग ली यांच्यासोबत त्यांनी घडवलेली स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी १९९४ मध्ये सी++ च्या प्रमाण-मसुद्यात स्वीकारली गेली. तिच्यात प्रत्येक क्रियेबरोबर तिचा खर्चही करारात लिहिलेला होता. किती टोकदारपणे, ते ‘सॉर्ट’च्या गोष्टीवरून दिसते. १९९८ च्या प्रमाणात त्याला सरासरी एन लॉग एन एवढीच अट होती, कारण क्विकसॉर्ट डोळ्यांसमोर होती. डेव्हिड मसर यांनी १९९७ मध्ये इंट्रोसॉर्ट दिली होती: क्विकसॉर्टने सुरुवात करा, फार खोल जाते आहे असे दिसले की हीपसॉर्टकडे वळा. ती रुळली, आणि २०११ च्या प्रमाणात अट सर्वांत वाईट प्रसंगासाठी एन लॉग एन अशी कडक झाली. एका अल्गोरिदमने कराराचा मजकूर बदलला. डिझाइनच्या पेपरात मी हे शिकवू पाहते तेव्हा ‘हे अल्गोरिदमच्या पेपरातले’ असे सांगण्यात येते, आणि अल्गोरिदमच्या पेपरात यासाठी तास नसतो.

बरोबर असण्याचा प्रश्न राहिला. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये जाहीर केले की जावाच्या ग्रंथालयातली त्यांनी स्वतः लिहिलेली बायनरी सर्च चुकीची आहे. मधला बिंदू काढताना दोन टोकांची बेरीज पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जाते. घटक अब्जावर गेले तरच हे दिसते, म्हणून वर्षानुवर्षे दिसले नव्हते. २०१५ मध्ये टिमसॉर्टवर हीच पाळी आली. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी रचलेली ही पद्धत जावा आणि अँड्रॉइडमध्येही गेली होती. काही संशोधक तिच्या बरोबरपणाची यंत्राने तपासलेली सिद्धता करू गेले आणि सिद्धता अडली तिथे खरीच चूक निघाली. लूपच्या प्रत्येक फेरीला जे खरे राहील असे मानले होते, ते एका प्रसंगात खरे राहत नव्हते. बरोबर उदाहरण हाती येईपर्यंत चाचण्या चुकीला वळसा घालून पुढे सरकतच राहतात. वर्गात मी लूप इन्व्हेरियंट आधी मराठीत सांगायला लावते: ‘प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला काय खरे असते?’ इंग्रजी वाक्यांची ढाल बाजूला पडली की न समजलेला भाग लगेच उघडा पडतो.

प्लेसमेंटच्या तयारीबद्दल दोन शब्द. लीटकोडवरचे शेकडो प्रश्न सोडवणाऱ्या मुलांना मी नावे ठेवत नाही. त्यांच्या घरचे हप्ते त्या मुलाखतीवर अवलंबून असतात आणि त्या सरावाने हात खरोखर वळतो. पण त्या प्रश्नांत फंक्शनचे नाव, त्याचे पॅरामीटर आणि एनची कमाल मर्यादा आधीच छापलेली असते. म्हणजे डिझाइनचा निर्णय कोणीतरी घेऊन टाकलेला असतो आणि खर्चाचे गृहीतकही दिलेले असते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात नेमके हेच दोन निर्णय घ्यायला शिकायचे आहे. आता कोड लिहून देणारी साधने हाताशी आली आहेत, आणि तो छापील चौकटीतला भाग तीच सर्वांत सहज भरतात.

स्टॅनफर्डमध्ये जॉन ऑस्टरहाउट यांनी सॉफ्टवेअर डिझाइनचा वर्ग लेखनाच्या वर्गासारखा चालवला. विद्यार्थी प्रकल्प लिहितात, एकमेकांचा कोड वाचतात, शिक्षक ओळ न् ओळ वाचून अभिप्राय देतात, आणि मग सगळे तोच प्रकल्प पुन्हा लिहितात. त्यातून त्यांचे २०१८ चे छोटे पुस्तक निघाले. ‘पुन्हा लिहिणे’ आपल्या सबमिशनच्या व्यवस्थेत बसत नाही. जर्नलवर सही झाली की कोड मेला. वर्ग लहान असतो तेव्हा मी हे करून पाहते, आणि उदाहरण पारनास यांचेच घेते, फक्त ओळी मराठी.

मराठी घेतले की प्रश्न जिवंत होतो. ‘काळजी’ आधी की ‘कावळा’ आधी? युनिकोडमध्ये ळ हा लच्या लगेच पुढे, वच्या आधी आहे, म्हणून आकड्यांच्या क्रमाने काळजी आधी येते. आपल्या वर्णमालेत ळ हच्या नंतर, म्हणून कावळा आधी. क्षला कच्या घरात ठेवायचे की शेवटी, अनुस्वार कुठे मोजायचा, यावर कोशाकोशांत फरक आहे. पंधरा दिवसांनी मी क्रमाचा नियम बदलून देते. ज्या गटांनी तुलना हवी तिथे लिहिलेली असते, ते रात्र जागवतात. गेल्या खेपेला एका गटाला एकच फाइल उघडावी लागली, नियम त्यांनी नीट लपवला होता. पण त्यांची सूची सगळ्यांत मंद चालत होती. क्रमासाठी लागणारी चावी ते प्रत्येक तुलनेच्या वेळी नव्याने काढत होते. तुलनेला एक एकक वेळ लागतो, हे पुस्तकातले गृहीतक त्यांनी न विचारता उचलले होते. त्यांनी चावी शब्दागणिक एकदाच काढून ठेवली, आणि पुन्हा लिहिलेल्या कोडच्या माथ्यावर, मॉड्यूलच्या करारात, मराठीत एक ओळ वाढवली: ‘चावी एकदाच बनते, तुलनेचा खर्च चावीच्या लांबीइतका.’